मलिक अंबर: दम राखून लढलेला सेनानी

मॅरेथॉनच्या तयारीत सगळ्यात अवघड काय असेल तर हळू धावणं. अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. पहिले पाच-सात किलोमीटर पाय हलके असतात, शेजारचे पुढे निघतात आणि नवखा पोरगा त्यांच्या मागे सुटतो. तिसाव्या किलोमीटरनंतर तोच रस्त्याच्या कडेला कंबर धरून उभा दिसतो. सुरुवातीलाच जोर लावला की स्नायूंतला साठा लवकर संपतो, मग नुसत्या जिद्दीवर पाय हलत नाहीत. फजरनंतर आम्ही काही शिक्षक आणि मोहल्ल्यातली पोरं नगरच्या रस्त्यांवर धावतो, तेव्हा रफ्तारची ही चर्चा रोजच निघते. चांदबिबी महालाच्या चढावर तर हमखास! (तो महाल खरं म्हणजे सलाबत खानाचा मकबरा आहे, पण नाव पडलं ते पडलं.) आणि नगरकरांच्या बोलण्यात दम राखण्याचा विषय आला की मलिक अंबर यायलाच हवेत.

त्यांचा जन्म १५४८च्या सुमारास इथिओपियात झाला. मूळ नाव चापू. लहानपणीच ते गुलाम म्हणून विकले गेले. मोखा, बगदाद असे बाजार आणि मालक बदलत गेले. त्यांतल्या मीर कासिम नावाच्या मालकाने त्यांना शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. पुढे दख्खनमध्ये निजामशाहीचे पेशवे चंगेज खान यांनी त्यांना विकत घेतलं. चंगेज खान स्वतः हबशीच होते. राज्याचा कारभार कसा चालतो हे अंबर यांनी त्यांच्याच पदरी राहून पाहिलं. चंगेज खान गेल्यावर ते आझाद झाले, पण हातात काहीच नव्हतं. पुढची वीसेक वर्षं गोवळकोंडा, विजापूर अशा दरबारांत चाकरी करण्यात गेली. १५९५च्या सुमारास ते नगरला परतले, तेव्हा त्यांच्या हाताखाली जेमतेम दीडशे स्वार होते.

१६०० मध्ये चांदबिबी मारल्या गेल्या आणि आपला भुईकोट किल्ला मुघलांच्या ताब्यात गेला. बहुतेकांना वाटलं, निजामशाही संपली. मलिक अंबर तेव्हा पन्नाशी ओलांडलेले होते. त्यांनी परांड्याला निजामशाही घराण्यातल्या एका वारसाला, दुसऱ्या मुर्तझाला, गादीवर बसवलं आणि त्याच्याच नावाने पुढची पंचवीस वर्षं लढा दिला. ज्या वयात माणूस थकल्याचं सांगायला लागतो, त्या वयात यांची खरी दौड सुरू झाली.

दौडीवरून आठवलं. हजरत सलमा बिन अकवा (रजि.) यांच्या शर्यतीचा किस्सा सहीह मुस्लिममध्ये आहे. मदीनेला परतताना एका अन्सारी सहाबींनी धावण्याचं आव्हान दिलं. सलमा (रजि.) यांनी एक-दोन चढ मुद्दाम स्वतःला आवरलं, श्वास जपला, मग जोर लावून त्यांना गाठलं आणि मदीनेत आधी पोहोचले. आजचे प्रशिक्षक घड्याळ लावून जे सांगतात ते हेच.

मलिक अंबर यांची अडचण अशी की समोर मुघल होते. फौज, तोफा, पैसा सगळं त्यांच्याकडे जास्त. त्यांच्या चालीने लढायचं म्हणजे हरायचंच. म्हणून त्यांनी मराठा बारगीरांच्या हलक्या घोडदळावर भर दिला. समोरासमोर भिडायचं नाही, रसद तोडायची, रात्री छापे घालायचे, शत्रूला डोंगर-घाटांत ओढत न्यायचं. १६१६ मध्ये रोषणगावजवळ मात्र त्यांना मैदानात उघडी लढाई द्यावी लागली. काही मराठा सरदार तोवर मुघलांना मिळाले होते. तिथे पराभव झाला आणि त्यांनी वसवलेलं खडकी शहर, म्हणजे पुढचं औरंगाबाद, मुघलांनी उद्ध्वस्त केलं.

त्यानंतर १६१७ आणि १६२१ मध्ये त्यांनी शाहजहानशी तह करून मुलूख सोडला. शाळेच्या इतिहासात याला माघार म्हणतात, आम्हाला तो शब्द पुरेसा वाटत नाही. मिळालेल्या उसंतीत खडकी पुन्हा उभी राहिली, जमिनीची प्रत पाहून सारा ठरवण्याची पद्धत चालत राहिली, घोडदळ पुन्हा भरलं. खडकीला पाणी देणारी नहर-ए-अंबरी आजही लोक दाखवतात.

आणि मग १६२४ ची भातवडी. आपल्या नगर तालुक्यातलं भातोडी, तेच हे गाव. या वेळी मुघल आणि आदिलशाही फौजा एकत्र आल्या होत्या. विजापूरचा वेढा उठवून मलिक अंबर मागे सरकत होते आणि या फौजा पाठलाग करत होत्या. ते भातोडीला येऊन थांबले आणि तिथल्या तलावाचा बांध फोडून पाणी सोडलं. शत्रूच्या बाजूला सगळा चिखल झाला. जड फौज जागेवरच रुतली. धान्य-चारा पोहोचेना. रात्री छापे, दिवसा उपासमार. लोक छावणी सोडून पळू लागले, काही तर अंबर यांच्याकडेच आले. एवढं होईपर्यंत त्यांनी मोठा हल्ला केला नाही! समोरचा पुरता दमल्यावरच ते तुटून पडले. आदिलशाही सेनापती मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला, कित्येक मुघल सरदार कैद झाले. निजामशाहीच्या बाजूने शहाजीराजे भोसले लढले. त्यांचे भाऊ शरीफजी याच लढाईत कामी आले. म्हणून शर्यतीशी तुलना फार ताणू नये. शर्यतीत हरलेला घरी जातो, भातोडीतून कित्येक जण परत गेलेच नाहीत.

त्या वेळी मलिक अंबर यांचं वय पंचाहत्तरीच्या पुढे होतं.

जहांगीर बादशहाचा त्यांच्यावर एवढा राग की त्यांच्या कापलेल्या मुंडक्यावर आपण बाण मारतो आहोत असं चित्र त्याने काढून घेतलं. प्रत्यक्षात ते मुंडकं त्याच्या हाती कधीच लागलं नाही. १४ मे १६२६ रोजी मलिक अंबर यांचा इंतकाल झाला, तोही लढाईत नाही. खुलताबादला त्यांची कबर आहे. मुघलांच्या बाजूने इतिहास लिहिणाऱ्या मोतमद खानालाही त्यांच्या मृत्यूची नोंद करताना त्यांची तारीफ करावी लागली.

मुलगा फतेह खान यांच्याकडे फौज होती, दौलताबादसारखा किल्लाही होता. वडिलांचा सब्र नव्हता. आधी निजामाशीच वैर, मग मुघलांशी सलोखा, मग पुन्हा बिघाड, असं करत १६३३ मध्ये दौलताबाद गेला. शहाजीराजांनी आणखी तीन वर्षं एका लहान वारसाच्या नावाने किल्ला लढवला. १६३६ मध्ये निजामशाही संपली. मलिक अंबर यांना जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती.