हजारो नोंदींत एक चुकली तर? १८९० मध्येच उत्तर देणारे हर्मन होलेरिथ

शाळेने एक हजार विद्यार्थ्यांची यादी पोर्टलवर अपलोड केली. त्यात ३४१व्या विद्यार्थ्याची जन्मतारीखच नाही. आता सिस्टिमने काय करायचं? सगळी यादी परत पाठवायची, तिथेच थांबायचं, की ती नोंद बाजूला ठेवून पुढे जायचं? संगणक येण्याआधीच हा प्रश्न हर्मन होलेरिथ यांच्यासमोर आला होता. त्यांच्याकडे नोंदी होत्या सुमारे सव्वासहा कोटी!

कोण होते होलेरिथ?

त्यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८६० रोजी अमेरिकेतील बफेलो येथे झाला. आईवडील जर्मनीतून आलेले. १८७९ मध्ये कोलंबियातून इंजिनिअर झाल्यावर ते जनगणनेच्या कामाला लागले. १८८०च्या जनगणनेचे तक्ते हाताने पूर्ण करायला सात-आठ वर्षं गेली. हे काम यंत्राने व्हावं, ही कल्पना त्यांना तिथले वरिष्ठ जॉन शॉ बिलिंग्ज यांनी सुचवली. प्रवाशाच्या वर्णनानुसार तिकिटाला भोकं पाडणारा रेल्वेचा कंडक्टर पाहून होलेरिथ यांना मार्ग सापडला. १८८९ मध्ये त्यांना पेटंट मिळालं आणि १८९०च्या जनगणनेचं कामही.

यंत्र कसं चालायचं?

एका माणसाचं एक कार्ड. वय, लिंग, व्यवसाय यांसाठी ठरलेल्या जागी भोकं. कार्ड यंत्रात ठेवून दांडा दाबला की पिना भोकांतून खालच्या पाऱ्यात बुडायच्या, वीजप्रवाह पूर्ण व्हायचा आणि तबकडीवरचा काटा एक घर पुढे सरकायचा.

चूक कशी पकडायचे?

खरी हुशारी इथे होती. कार्ड नीट मोजलं गेलं की घंटी वाजायची. आवश्यक भोक राहिलं असेल तर घंटी गप्प. कारकून ते कार्ड बाजूला ठेवून पुढचं घ्यायचा. काम थांबत नसे आणि चुकीचं कार्ड हरवतही नसे. कार्डावर विभागाचा क्रमांकही असल्याने मूळ फॉर्म शोधता यायचा. एका विभागाच्या गठ्ठ्यात दुसऱ्याचं कार्ड शिरलं आहे का, हे भोकांतून तार घालून कळायचं. तार अडली की चूक सापडली.

आज काय होतं?

मोंगोडीबीमध्ये अनेक नोंदी एकदम भरताना ‘ऑर्डर्ड’ हा पर्याय आपोआप चालू असतो. पहिली चूक येताच काम थांबतं. आधीच्या नोंदी आत जातात, पुढच्या राहतात. म्हणजे ३४० आत, ६६० बाहेर. तो पर्याय बंद केला तर चुकीची नोंद सोडून बाकी सगळ्या भरल्या जातात आणि कोणती, का नाकारली याची यादी शेवटी मिळते. ही यादी म्हणजे होलेरिथ यांचा बाजूला ठेवलेला गठ्ठा. ती कुणी उघडलीच नाही, तर ३४१वा विद्यार्थी यादीतून कायमचा गायब!

घंटीला काय कळत नव्हतं?

खोटेपणा. १८९० मध्ये मिनियापोलिस आणि सेंट पॉल या शेजारी शहरांत लोकसंख्या फुगवण्यासाठी बनावट नावं घुसवल्याचं उघड झालं. दोन्हीकडे फेरमोजणी करावी लागली. नोंद पूर्ण आहे का, हे यंत्र तपासतं. ती खरी आहे का, हे माणसालाच पाहावं लागतं.

पुढे काय झालं?

होलेरिथ यांनी १८९६ मध्ये कंपनी काढली. नंतर भाड्यावरून जनगणना कार्यालयाशी त्यांचं बिनसलं. १९११ मध्ये कंपनी इतर कंपन्यांत विलीन झाली आणि १९२४ मध्ये तिचं नाव आयबीएम झालं. १७ नोव्हेंबर १९२९ रोजी वॉशिंग्टनमध्ये त्यांचं निधन झालं. पंचकार्डं पुढे अनेक दशकं वापरात राहिली.

त्यामुळे पुढच्या वेळी अपलोडनंतर ‘९९९ नोंदी यशस्वी’ असं दिसलं, तर आधी उरलेली एक नोंद शोधा. ती एका माणसाची असते.