निवडणुकांचे आद्य व्यवस्थापक कै. सुकुमार सेन

आपल्या स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. यंदा ते काम संपादक मंडळाने आम्हांवर सोपविले, तेव्हा आम्ही ज्यांची निवड केली ते गृहस्थ आपल्या ज्ञातीचे नव्हेत, आपल्या प्रांताचेही नव्हेत. ते बंगाली होते आणि पेशाने सरकारी अधिकारी होते. परंतु आपल्या घरातील प्रत्येक सज्ञान स्त्री-पुरुषाचे नाव आज मतदार यादीत स्वतंत्रपणे लिहिले जाते, त्यामागे या गृहस्थांचा फार मोठा हात आहे. येत्या निवडणुकांपूर्वी आपल्या समाजातील तरुण मंडळींनी हे चरित्र वाचावे अशी आमची इच्छा आहे.

सेन यांचा जन्म एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाला. कलकत्त्याचे प्रेसिडेन्सी कॉलेज व नंतर लंडन विद्यापीठ येथे त्यांचे शिक्षण झाले. गणित हा त्यांचा आवडीचा विषय, व त्यात त्यांनी सुवर्णपदक मिळविले होते. पुढे ते इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये दाखल झाले, बंगालच्या निरनिराळ्या जिल्ह्यांत त्यांनी काम केले, न्यायाधीशाच्या आसनावरही बसले, आणि स्वातंत्र्यानंतर पश्चिम बंगालचे मुख्य सचिव झाले. त्यांचे बंधू अशोक सेन पुढे केंद्रात कायदामंत्री झाले. येथपर्यंतचा वृत्तांत एखाद्या कर्तबगार अधिकाऱ्याचा असावा तसाच आहे. खरे कार्य सुरू झाले ते मार्च १९५० मध्ये, जेव्हा भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त म्हणून त्यांची नेमणूक झाली.

त्या वेळची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. इंग्रजी अमलात मताचा हक्क मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांवर अवलंबून असे, त्यामुळे बहुसंख्य प्रजा यादीबाहेरच राही. नव्या संविधानाने एकवीस वर्षांवरील सर्वांस तो हक्क दिला. (ही मर्यादा पुढे १९८९ पासून अठरा वर्षांवर आली.) मतदार झाले १७ कोटी ३२ लक्ष, आणि १९५१ च्या जनगणनेप्रमाणे देशात साक्षर माणसे शंभरात अवघी अठरा! पंडित नेहरूंस निवडणुका १९५१ च्या वसंत ऋतूतच उरकाव्यात असे वाटत होते. सेन यांनी घाई करण्याचे नाकारले व पुरेसा अवधी मागितला. पंतप्रधानांच्या इच्छेपुढे मान तुकविणारे अधिकारी पुष्कळ असतात, परंतु गणिताच्या माणसास आकडे दिसत होते.

यादीचे काम सेन येण्यापूर्वीच, १९४८ पासून, संविधान सभेच्या सचिवालयाने हाती घेतले होते. फाळणीमुळे घरदार सोडून आलेल्या निर्वासितांचा प्रश्न तेव्हा मोठा होता. एका ठिकाणी १८० दिवस राहिल्याची अट त्यांनी कोठून पुरी करावी? अनेक ठिकाणी त्यांची नावे घेतली जाईनात. तेव्हा निर्वासितांच्या संस्थांनी तक्रारींची पत्रे पाठविली, आणि येथेच कायम राहण्याचा आपला मानस आहे एवढे लिहून दिले तरी नाव घ्यावे, असा निर्णय झाला. संस्था म्हणजे केवळ वधुवर मेळावे व गुणगौरव नव्हे, हे सांगण्यास एवढे एक उदाहरण पुरे.

यानंतर जो पेच उभा राहिला तो मात्र खास सेन यांच्या वाट्यास आला. याद्या तपासता असे दिसले की, लक्षावधी स्त्रियांनी गणना करणाऱ्यास आपले नावच सांगितले नव्हते. अमक्याची आई, तमक्याची बायको, अशा नोंदी होत्या. हा प्रकार मुख्यत्वे बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान व विंध्य प्रदेश येथे घडला. परक्या पुरुषास नाव सांगणे तेथील स्त्रियांस अप्रशस्त वाटे. सेन यांनी आज्ञा केली की, प्रत्येक स्त्रीचे स्वतःचे नाव लिहिलेच पाहिजे, आणि काही ठिकाणी दुरुस्तीसाठी मुदतही वाढवून दिली. एवढे करूनही सुमारे ८ कोटी स्त्री-मतदारांपैकी २८ लक्षांच्या आसपास स्त्रियांची नावे मिळाली नाहीत, आणि ती सर्व यादीतून वगळण्यात आली.

हा निर्णय कठोर होता. घरच्या पुरुषांच्या अनास्थेची व समाजाच्या रूढीची शिक्षा त्या बायकांस मिळाली, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु दुसरी बाजूही विचारात घेतली पाहिजे. केवळ अमक्याची बायको एवढ्या नोंदीवर कोणीही तोतया स्त्री येऊन मत टाकून गेली असती, तर तिला ओळखणार कोण? शिवाय संविधानाने हक्क दिला तो व्यक्तीस, नवऱ्याच्या छायेस नव्हे. सेन यांचा कयास असा होता की, एकदा मत हुकले म्हणजे पुढील खेपेस नाव आपोआप सांगितले जाईल. तो कयास खरा ठरला. १९५७ च्या निवडणुकीपूर्वी त्या स्त्रियांपैकी पुष्कळजणी आपापल्या नावाने यादीत आल्या.

आपल्या महाराष्ट्रात नाव न सांगण्याची रूढी एवढी नव्हती, परंतु नाव बदलण्याची होती व काही घरांत अद्याप आहे. लग्नात मुलीचे नाव बदलावयाचे, मग एका कागदावर माहेरचे नाव, दुसऱ्यावर सासरचे. आम्ही शिक्षकी पेशात असताना अनेक निवडणुकांत मतदान केंद्रावर काम केले. यादीत एक नाव व हातातील ओळखपत्रावर दुसरेच, अशा सुना आमच्यासमोर ओशाळून उभ्या राहिलेल्या आम्ही पुष्कळ पाहिल्या. सासूबाईंचे मत होई, सुनेचे अडकून राही. नोंदीतील दुरुस्तीसाठी अथवा राहण्याचे ठिकाण बदलल्यास नमुना ८ भरावा लागतो, नव्या मतदारासाठी नमुना ६ आहे. लग्नाच्या याद्या करताना याची आठवण ठेवावी. ओळखपत्र खिशात असले व यादीत नाव नसले तर मत देता येत नाही, ही गोष्ट शिकलेल्या मंडळींसही मतदानाच्या सकाळी प्रथम कळते!

असो. पुन्हा चरित्राकडे वळू. अक्षरओळख नसलेल्या मतदाराने मत द्यावे कसे? सेन यांनी प्रत्येक उमेदवारासाठी निराळी पेटी ठेविली व तीवर त्याचे चिन्ह लाविले. पडद्याआड जाऊन आपल्या पसंतीच्या पेटीत मतपत्रिका टाकली की काम झाले. त्यासाठी २० लक्षांहून अधिक लोखंडी पेट्या लागल्या. त्यांपैकी १२ लक्ष ८३ हजार पेट्या आपल्या मुंबईत, विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या, हे आपणांस अभिमानास्पद आहे. एकाच माणसाने दोनदा मत देऊ नये म्हणून बोटावर न पुसणारी शाई लावण्याची योजना झाली. ती भारतीय शास्त्रज्ञांनी तयार केली होती, व पहिल्या निवडणुकीत तिच्या ३,८९,८१६ कुप्या खर्ची पडल्या. हिमाचल प्रदेशातील चिनी या गावी बर्फ पडून वाटा बंद होण्यापूर्वीच, दि. २५ ऑक्टोबर १९५१ रोजी, मतदान घेण्यात आले. तेथील पहिले मतदार श्याम सरन नेगी हे एक शाळामास्तर होते. त्यांनी पुढे सत्तर वर्षे मत देण्याचा नेम चुकविला नाही, आणि २०२२ च्या नोव्हेंबरात अखेरचे मत दिल्यावर थोड्याच दिवसांत त्यांचे देहावसान झाले. फेब्रुवारी १९५२ पर्यंत देशभरचे मतदान संपले. सुमारे ४५ टक्के मतदारांनी मत दिले.

एवढा बंदोबस्त असूनही तोतये येतात, हे सेन जाणून होते. म्हणून त्या पहिल्या निवडणुकीच्या कायद्यातच तक्रारीच्या वाटा ठेविलेल्या होत्या, व त्या आजही, थोड्याफार फरकाने, चालू आहेत. मतदाराच्या ओळखीविषयी शंका आल्यास उमेदवाराचा प्रतिनिधी तेथल्या तेथे हरकत घेऊ शकतो. त्यासाठी दोन रुपये अनामत ठेवावे लागतात. आपण केंद्रावर जावे आणि आपल्या नावावर कोणी आधीच मत देऊन गेलेला असावा, असे झाल्यास बहुतेक लोक कपाळाला हात लावून घरी परततात. तसे मुळीच करू नये. केंद्राध्यक्षांस आपली ओळख पटवून द्यावी व प्रदत्त मत, ज्यास टेंडर व्होट म्हणतात, ते मागावे. हे मत कागदी मतपत्रिकेवर घेऊन निराळ्या पाकिटात बंद करतात. ते नेहमीच्या मोजणीत धरले जात नाही, परंतु निकाल न्यायालयात गेला तर ते पुरावा म्हणून उभे राहू शकते. राजस्थानात नाथद्वारा येथे २००८ साली एक उमेदवार अवघ्या एका मताने पडले होते, तेव्हा अशा एका पाकिटाचे मोल काय ते ध्यानी यावे. पैसे वाटप, दमदाटी अथवा केंद्रावरील गैरप्रकार दिसल्यास १९५० या क्रमांकावर दूरध्वनी करता येतो. सेन यांच्या नेमणुकीचे साल आणि हा क्रमांक एकच आहे, त्यामुळे विसरण्याचे कारण नाही. निवडणूक पार पडल्यावर जी तक्रार राहील ती याचिकेने मांडावयाची, व त्यास निकालापासून ४५ दिवसांची मुदत असते. सेन यांच्या वेळी या याचिका आयोगाकडे येत व आयोग न्यायाधिकरण नेमी; १९६६ नंतर त्या उच्च न्यायालयात दाखल होऊ लागल्या.

१९५३ मध्ये सुदान देशातील पहिल्या निवडणुकांसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाचे अध्यक्षपद सेन यांस मिळाले व तेही काम त्यांनी यथास्थित पार पाडले. १९५४ साली, पद्म पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी, ते पद्मभूषण झाले. १९५७ ची दुसरी सार्वत्रिक निवडणूकही त्यांच्याच देखरेखीखाली झाली. पहिल्या खेपेच्या पेट्या त्यांनी जपून ठेवविल्या होत्या, त्यामुळे या वेळी साडेचार कोटी रुपये कमी खर्च झाला. काटकसरीच्या या गोष्टीचे आम्हांस विशेष कौतुक वाटते. डिसेंबर १९५८ मध्ये ते पदावरून निवृत्त झाले.

१९६० साली बर्दवान विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू म्हणून त्यांस बोलाविण्यात आले. त्यानंतर थोड्याच वर्षांत ते निवर्तले. त्यांनी आत्मचरित्र लिहिले नाही. त्यांच्या हातचे मागे राहिले ते दोन निवडणुकांचे सरकारी अहवाल. त्यांत आकड्यांची कोष्टके पानोपानी आहेत, आणि त्या २८ लक्ष स्त्रियांचा हिशेबही त्यांतच लिहिलेला आहे.