भास्कराचार्य आणि करणी

बीजगणितांत ‘करणी’ हें प्रकरण निघालें कीं पुष्कळ विद्यार्थ्यांच्या कपाळास आंठ्या पडतात. हा शब्द आठशेंहून अधिक वर्षांपूर्वीं ज्यांनीं आपल्या ग्रंथांत योजिला, त्या भास्कराचार्यांचें अल्प चरित्र आम्ही येथें सादर करितों.

शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मध्यें, सह्याद्रीच्या आश्रयानें वसलेल्या विज्जडविड नगरांत त्यांचा जन्म झाला. पिता महेश्वर हेच त्यांचे गुरु. वयाच्या ३६ व्या वर्षीं त्यांनीं सिद्धान्तशिरोमणि रचिला. लीलावती व बीजगणित हे त्याचेच भाग मानितात. लीलावती ही त्यांची कन्या असून तिच्या लग्नाचा मुहूर्त टळला, ही गोष्ट मोठी हृदयंगम आहे खरी. परंतु ती ४०० वर्षांनंतरच्या फारसी भाषांतरावरून पसरली, म्हणून आम्ही तिला चरित्रांत स्थान देत नाहीं.

ज्या संख्येचें वर्गमूळ घ्यावयाचें असून तें नेमकें निघत नाहीं ती करणी. बीजगणितांत आचार्यांनीं २ व ८ यांच्या वर्गमुळांची बेरीज विचारिली आहे. अंकांची बेरीज १०. पण १० चें मूळ हें उत्तर नव्हे, आणि येथेंच मुलें बहुधा फसतात. दोहोंचा गुणाकार १६, त्याचें मूळ ४, त्याची दुप्पट ८. ती १० मध्यें मिळविली म्हणजे १८ होतात, व १८ चें वर्गमूळ हें उत्तर. आज आपण ८ चें मूळ हें २ च्या मुळाची दुप्पट असें मांडून एकंदर तिप्पट काढतों, गोष्ट एकच. पुढें ते ३ आणि ७ घेतात. गुणाकार २१, त्यास नेमकें मूळ नाहीं. तेव्हां या दोन करण्या निरनिराळ्याच ठेवाव्या लागतात. ओढूनताणून एक उत्तर करण्यास त्यांनीं शिष्यांस वाव ठेविला नाहीं. छेदांत दोन करण्या असतां एकीचें चिन्ह पालटून त्या राशीनें अंश व छेद दोन्ही गुणावे, ही शाळेंतील रीतिहि तेथें आहेच.

इ. स. ११८३ मध्यें, उतारवयांत, त्यांनीं करणकुतूहल हा ज्योतिषग्रंथ लिहिला.

त्यांचे नातू चांगदेव हे यादव राजा सिंघण याचे ज्योतिषी होते. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावे म्हणून त्यांनीं चाळीसगांवाजवळील पाटण येथें मठ स्थापिला. इ. स. १२०७ च्या सुमाराचा तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी यांनीं १८६५ मध्यें प्रसिद्ध केला. त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठींत आहे; गिऱ्हाइकांकडून सुपाऱ्या आणि घाण्यांकडून तेल मठास मिळावें, अशी व्यवस्था त्यांत लाविली आहे.