अमीर अब्दुल कादिर : राज्य गेले, काम उरले

इतिहासाच्या पुस्तकात लढाई संपली, राजा कैद झाला, की धडा संपतो. पण त्या माणसाचे आयुष्य तेथे संपत नाही. घर गेले, मुलूख गेला, हातातले कामही गेले. आता उरलेल्या दिवसांचे काय करायचे? अल्जीरियाचे अमीर अब्दुल कादिर यांच्यापुढे हाच प्रश्न उभा होता.

त्यांचा जन्म १८०८ साली मस्कारा शहराजवळ झाला. वडील मुहियुद्दीन हे कादिरी पंथाचे प्रमुख होते. मुलाने विद्येतच आयुष्य घालवावे, असे घरचे वातावरण होते. १८२५ मध्ये पितापुत्र हजयात्रेला निघाले व त्या प्रवासात दमास्कस आणि बगदादही पाहून आले. परंतु १८३० साली फ्रान्सने अल्जीयर्स जिंकले आणि १८३२ मध्ये तेथील टोळ्यांनी अवघ्या चोवीस वर्षांच्या या तरुणाला आपला अमीर निवडले. अशा रीतीने ग्रंथांच्या सहवासात वाढलेला तरुण सेनापती झाला.

पंधरा वर्षे ते फ्रान्सशी झुंजले. युद्धकैद्यांना माणुसकीने वागवावे, याबद्दल त्यांनी नियम घालून दिले होते. १८४३ च्या मे महिन्यात त्यांची तंबूंची फिरती राजधानी शत्रूच्या हाती पडली. तिच्यासोबत त्यांनी जमवलेला ग्रंथसंग्रहही गेला. अखेर डिसेंबर १८४७ मध्ये, आपल्याला पूर्वेकडील मुस्लिम देशात जाऊ द्यावे, या अटीवर त्यांनी शस्त्रे खाली ठेवली.

ते वचन पाळले गेले नाही. त्यांना कुटुंबीय व अनुयायांसह फ्रान्समध्ये नेण्यात आले. तुलाँ, पो आणि शेवटी आंबवाझचा किल्ला, असा जवळजवळ पाच वर्षांचा कैदवास घडला. थंडीने व आजाराने सोबतची कित्येक माणसे दगावली. आंबवाझ येथे त्यांच्या कबरी आहेत. वचनातून मोकळे केल्यास फ्रान्समध्येच ऐश्वर्यात ठेवू, असे आमिष दाखवले गेले. अमीरांनी ते नाकारले. किल्ल्यात नमाज, वाचन, लेखन आणि भेटीस येणाऱ्या ख्रिस्ती विद्वानांशी चर्चा, असा दिनक्रम त्यांनी चालवला. पूर्वी ज्यांच्याशी कैद्यांच्या सुटकेसंबंधी पत्रव्यवहार झाला होता, ते बिशप द्युपुश आता अमीरांच्या सुटकेसाठी झटू लागले.

१८५२ मध्ये सुटका झाल्यावर ते प्रथम तुर्कस्तानातील बुर्सा येथे आणि १८५५ पासून दमास्कस येथे राहिले. फ्रान्सकडून तनखा मिळत होता; आरामात बसून जुन्या जखमा कुरवाळणे शक्य होते. त्यांनी अध्यापन सुरू केले. प्रसिद्ध सूफी विचारवंत इब्न अरबी यांच्या ग्रंथांचा व्यासंग केला आणि स्वतःही ग्रंथलेखन केले.

जुलै १८६० मध्ये दमास्कसमध्ये ख्रिस्ती वस्तीवर जमाव चालून गेला. अमीरांनी आपल्यासारख्याच निर्वासित अल्जीरियनांना हत्यारबंद करून गल्लोगल्ली पाठवले. घरे जळत असताना हजारो माणसांना, फ्रेंच वकिलातीच्या लोकांनाही, त्यांनी आपल्या वाड्यात आणि नंतर किल्ल्यात सुरक्षित पोचवले. ज्या फ्रान्सने देश हिरावला त्याची माणसे, असा हिशेब त्यांनी केला नाही. निरपराधांचे रक्षण हे धर्मकर्तव्यच आहे, अशी त्यांची धारणा होती. परमुलखात पराभूत म्हणून आलेल्या त्या अल्जीरियन शिपायांच्याही हाताला त्या दिवसांत अभिमान वाटावा असे काम मिळाले.

२६ मे १८८३ रोजी दमास्कस येथे त्यांचे निधन झाले व इब्न अरबींच्या कबरीशेजारी दफन झाले. स्वतंत्र अल्जीरियाने १९६६ साली त्यांचे अवशेष सन्मानाने मायदेशी नेले.

पालक बंधुभगिनींनो, युद्धात किंवा दंगलीत होरपळलेल्या माणसाला अन्न, वस्त्र आणि निवारा तर दिलाच पाहिजे. पण तेवढ्याने तो पुन्हा उभा राहत नाही. आपली कोणाला तरी गरज आहे, हे त्याला कळावे लागते. अमीरांची तलवार गेली, पण लहानपणी मिळवलेली विद्या कोणी लुटू शकले नाही. कैदेत आणि परदेशात तीच उपयोगी पडली. मुलांना शाळेत पाठवताना हे ध्यानात ठेवावे. शिक्षण नोकरीसाठी आहेच. पण सर्व काही गमावल्यावरही इतरांच्या उपयोगी पडता यावे, यासाठीही ते आहे.