विश्लेषण : जखमी माशासारखा डुलणारा लाकडी मासा… गरीब मच्छीमार लाउरी रापाला यांचे आमिष जगभर कसे पोहोचले?

स्पिनिंग रॉड घेऊन ट्राउट पकडायला निघालेल्या हौशी मासेमाराच्या पेटीत धातूचे स्पून आणि फिरत्या पात्याचे स्पिनर असतातच. त्यांच्या जोडीला बोटाएवढा एक हलका, रंगवलेला लाकडी मासाही बहुतेक वेळा असतो. पहिल्यांदा तो घडवणारे लाउरी रापाला हे फिनलंडमधील गरीब मच्छीमार होते. मासेमारी हा त्यांचा छंद नव्हता, पोट भरण्याचा मार्ग होता.

लाउरी रापाला कोण होते?

त्यांचा जन्म १९०५ मध्ये फिनलंडमधील स्युस्मा येथे झाला. वडिलांचे नाव त्यांच्यामागे नव्हते. ते सात वर्षांचे असताना आई त्यांना घेऊन शेजारच्या आसिक्काला भागात राहायला आली. तेथील चर्चच्या वहीत नोंद करताना पाद्र्याला या कुटुंबाचे आडनाव आठवेना. म्हणून त्याने ते ज्या वस्तीतून आले होते तिचेच नाव लिहून टाकले, असे सांगितले जाते. फिनिश भाषेत ‘रापा’ म्हणजे चिखल. चिखलाच्या वस्तीचे हे नाव पुढे जगभर ओळखले जाणार होते. १९२८ मध्ये त्यांचे एल्मा यांच्याशी लग्न झाले. पुढे त्यांना पाच मुलगे आणि दोन मुली झाल्या. हिवाळ्यात लाकूडतोड, मिळेल तशी शेतमजुरी आणि उन्हाळ्यात पायान्ने या विस्तीर्ण सरोवरात मासेमारी, यावर घर चालत असे.

खोट्या आमिषाची गरज का पडली?

त्या काळी सरोवरात लांबच लांब दोरी सोडून मासे धरत. दोरीला शेकडो गळ बांधलेले असत आणि प्रत्येकाला छोटा मासा लावावा लागे. म्हणजे आधी आमिषाचे मासे धरायचे, मग ते एकेक करून गळाला लावायचे आणि त्यानंतर खरी मासेमारी. दिवसाचा मोठा भाग यातच जाई. १९३० च्या दशकातील मंदीत हा वेळ वाया घालवणे परवडणारे नव्हते. पुन:पुन्हा वापरता येईल असे आमिष मिळाले, तर तेवढाच वेळ मासे पकडायला मिळणार होता.

पाण्यात त्यांना काय दिसले?

होडी वल्हवताना रापाला छोट्या माशांचे थवे पाहत. मोठा शिकारी मासा थव्यात घुसला, की सगळ्यांवर सारखा तुटून पडत नसे. जो मासा किंचित तिरका, अडखळत पोहत असेल, त्यालाच तो आधी गाठे. जखमी किंवा अशक्त भक्ष्य कमी श्रमात हाती लागते, हे त्यामागचे साधे कारण. खरे आमिष हुबेहूब माशासारखे दिसण्यापेक्षा दुबळ्या माशासारखे चालले पाहिजे, हे त्यांनी यातून ओळखले.

पहिले आमिष कसे बनले?

१९३६ मध्ये त्यांनी चांभाराच्या रापीसारख्या सुरीने बुचाचा तुकडा कोरला आणि पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केला. चकाकीसाठी चॉकलेट आणि चीजच्या वेष्टनाचा चंदेरी कागद चिकटवला. पाणी आत शिरू नये म्हणून फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप दिला. पाठ काळी, बाजू सोनेरी आणि पोट पांढरे ठेवले.

खरी करामत तोंडाखालच्या छोट्या तिरक्या पट्टीत होती. दोरी ओढली, की पाण्याचा दाब या पट्टीवर पडतो आणि तोंड खाली जाते. हलके अंग मात्र वर येऊ पाहते. या ओढाताणीत आमिष डावीकडे-उजवीकडे डुलत पुढे सरकते, अगदी जखमी माशासारखे. एखादे आमिष नीट डुलले नाही, तर दोरी बांधायची कडी किंचित वाकवून त्याची चाल सुधारली जाई. प्रत्येक नग पाण्यात चालवून पाहण्याची ही पद्धत पुढे कारखान्यातही कायम राहिली.

युद्धाचा काय परिणाम झाला?

१९३९ मध्ये सोव्हिएत रशियाने फिनलंडवर हल्ला केला. रापाला यांनाही सैन्यात जावे लागले. चांगले बूच मिळेनासे झाले, तेव्हा आमिषासाठी पाइन झाडाची साल वापरावी लागली. पुढे अतिशय हलके बाल्सा लाकूड वापरात आले आणि आमिषाची चाल आणखी जिवंत झाली. मुले मोठी होत गेली तशी कोरणे, घासणे, रंगवणे ही कामे घरातच वाटली गेली.

अमेरिकेत ते कसे पोहोचले?

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकसाठी आलेल्या काही पाहुण्यांनी ही आमिषे मायदेशी नेली. १९५९ मध्ये मिनेसोटातील विक्री प्रतिनिधी रॉन वेबर यांच्या नजरेस ती पडली. मासेमारीच्या साहित्याचे दुकानदार रे ऑस्ट्रम यांच्यासोबत त्यांनी आयात सुरू केली. मागणी इतकी होती, की काही दुकाने अनामत रक्कम घेऊन आमिष दिवसाच्या भाड्याने देत.

ऑगस्ट १९६२ मध्ये ‘लाइफ’ मासिकाने या आमिषावर लेख छापला. मुखपृष्ठावर नुकत्याच निधन झालेल्या मेरिलिन मन्रो असल्याने तो अंक प्रचंड खपला. त्यानंतर सुमारे ३० लाख आमिषांची मागणी आल्याचे सांगितले जाते. घरात सुरीने कोरून ती पुरी होणे शक्य नव्हते. कुटुंबाला यंत्रे आणि कारखान्याकडे वळावे लागले.

ट्राउटसाठी आमिष निवडताना याचा काय उपयोग?

ट्राउटला थंड, स्वच्छ पाणी लागते. त्यामुळे महाराष्ट्रातील नद्यांत तो आढळत नाही. ब्रिटिश काळात भारतात आणलेला हा मासा काश्मीर, हिमाचलच्या नद्यांत मिळतो आणि तेथे तो पकडण्यासाठी परवाना लागतो.

आमिष निवडताना आधी पाणी पाहावे. पाणी नितळ असेल तर लहान आणि नैसर्गिक रंगाचे, गढूळ असेल तर सोनेरी किंवा भडक रंगाचे आमिष घ्यावे. उथळ ओढ्यात पाच-सात सेंटिमीटरचे तरंगणारे आमिष पुरते, तर खोल डोहात बुडणारे लागते. रापाला यांचे बुडणारे ‘काउंटडाउन’ सेकंदाला साधारण एक फूट खाली जाते. त्यामुळे आकडे मोजून हवी ती खोली गाठता येते. पाणी फार थंड असेल तर मासा सुस्त असतो, तेव्हा रीळ सावकाश फिरवावे. दोर घट्ट आवळून न बांधता सैल फासाची गाठ मारली, तर आमिष मोकळे डुलते. ही गाठही आज रापाला यांच्याच नावाने ओळखली जाते.

पुढे काय झाले?

१९७४ मध्ये लाउरी रापाला यांचे निधन झाले. व्यवसाय मुलांनी वाढवला आणि १९९८ मध्ये कंपनी हेलसिंकी शेअर बाजारात नोंदली गेली. आज बाजारात शेकडो रंगांची आणि आकारांची आमिषे आहेत. रंगांचा मोह ग्राहकाला लवकर पडतो, पण मासा आधी चाल पाहतो. पायान्नेवर होडी वल्हवताना रापाला यांनी हेच हेरले होते.