बेडपॅन कोणी उचलायचा? गांधीजींच्या घरातला प्रश्न

घरात अंथरुणाला खिळलेला रुग्ण असेल, तर बेडपॅन कोणी उचलायचा हा प्रश्न तुमच्यापुढे आलाच असेल. बहुतेक घरांत ते काम न विचारताच सुनेच्या नाहीतर बायकोच्या वाट्याला जाते. महात्मा गांधींच्या घरातही यावरून मोठे भांडण झाले होते.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा गांधीजींनी राजकोटमध्ये समितीबरोबर घरोघरचे संडास तपासले. श्रीमंतांकडचे संडास अंधारे, घाण वासाचे, किडे वळवळणारे निघाले. अस्पृश्यांच्या वस्तीत त्यांच्याबरोबर यायला एकच सदस्य तयार झाला. तिथे संडास नव्हते, पण घरे मात्र स्वच्छ सारवलेली होती.

पुढे १८९८ च्या सुमारास ते डर्बनला राहत होते. त्या घरातल्या खोल्यांना मोरी नव्हती, म्हणून प्रत्येक खोलीत लघवीचे भांडे असे. घरात राहणारे कारकून बहुधा आपले भांडे आपणच धूत. एक कारकून नवीन होता, ख्रिस्ती, पण अस्पृश्य मानलेल्या आईवडिलांचा. त्याचे भांडे या नवरा-बायकोला उचलावे लागे. कस्तुरबा ते रडत उचलत. गांधीजींचा हट्ट असा, की ते हसतमुखाने उचलावे! वाद इतका पेटला की त्यांनी कस्तुरबांना हात धरून फाटकापर्यंत ओढत नेले. परक्या मुलखात मी जाऊ कुठे, असे त्यांनी सुनावल्यावर गांधीजी खजील झाले. हा प्रसंग त्यांनी आत्मकथेत स्वतःच लिहिला आहे. जातीची किळस चूकच, पण दुसऱ्याने ती हसत सोडावी अशी सक्ती करणेही चूक होते, असे मला वाटते.

१९०१ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये संडास तुंबले. स्वयंसेवकांनी ते भंग्याचे काम म्हणून हात झटकले. गांधीजींनी झाडू मागितला आणि निदान आपल्यापुरता संडास साफ केला. १९१५ च्या हरिद्वार कुंभमेळ्यात तर त्यांच्या फिनिक्सच्या मंडळींनी मैल्यावर माती टाकण्याचे काम मागून घेतले. मैला झाकला की माश्या बसत नाहीत, आणि टायफॉइड, कॉलरा पसरण्याची एक वाट बंद होते.

तुमच्या घरी पाळ्या लावा, त्यात मुलगा आणि जावईही धरा. कोणी नाक मुरडताना दिसले की रुग्ण लाजेने पाणी कमी पितो, शौच दाबून ठेवतो आणि बद्धकोष्ठ वाढते. बेडपॅन संडासातच रिकामा करा, बेसिनमध्ये नाही. हातमोजे काढल्यावरही हात साबणाने धुवा.