काँच्या रुग्णालयातील तीन वर्षे : संत लुई मार्टिन ह्यांचे अखेरचे दिवस

हातात क्रूस आणि गुलाबपुष्पे घेतलेली बाल येशूची संत तेरेजा आपल्या ओळखीची आहे. तिचे आईवडील लुई आणि झेली मार्टिन हेही आता संत आहेत. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी ह्या दांपत्याला एकत्रितपणे संतपद बहाल केले. विवाहित जोडप्यांसाठी आदर्श म्हणून आपण त्यांची नावे घेतो, प्रवचनांतूनही त्यांच्या सुखी, प्रार्थनामय संसाराचे वर्णन ऐकतो. मात्र लुई ह्यांच्या आयुष्याच्या अखेरच्या सहा-सात वर्षांविषयी सहसा कोणी बोलत नाही. त्या वर्षांतील तीन वर्षे त्यांनी मनोरुग्णांच्या इस्पितळात काढली. घरातील वृद्ध माणसाचा स्मृतिभ्रंश ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना ह्याच वर्षांची कथा अधिक जवळची वाटेल, म्हणून ती येथे सांगत आहोत.

लुई ह्यांचा जन्म २२ ऑगस्ट १८२३ रोजी फ्रान्समधील बोर्दो येथे झाला. तरुणपणी आल्प्स पर्वतातील सेंट बर्नार्डच्या मठात व्रतस्थ होण्याची त्यांची इच्छा होती, पण लॅटिनचा अभ्यास पुरा होऊ शकला नाही आणि ते आलाँसाँ गावी घड्याळजी झाले. १३ जुलै १८५८ रोजी मध्यरात्री त्यांचा विवाह झेली गेराँ हिच्याशी झाला. तिचा लेस विणण्याचा स्वतःचा व्यवसाय होता. त्यांना नऊ अपत्ये झाली, त्यांपैकी चार बालपणीच देवाघरी गेली. २८ ऑगस्ट १८७७ रोजी स्तनाच्या कर्करोगाने झेलीचे निधन झाले तेव्हा धाकटी तेरेजा अवघी साडेचार वर्षांची होती. मुलींना आजोळच्या माणसांचा आधार मिळावा म्हणून लुई आपला गाव सोडून लिझ्यू येथे आले. तेथे झेलीचे बंधू इसिडोर गेराँ ह्यांचे औषधांचे दुकान होते.

त्यानंतर एकेक करून मुली कार्मेल मठात गेल्या. १८८२ मध्ये पोलीन, १८८६ मध्ये मारी आणि ९ एप्रिल १८८८ रोजी पंधरा वर्षांची तेरेजा. तिला ते आपली राणी म्हणत असत. तिच्या मठप्रवेशाला त्यांनी संमती दिली एवढेच नव्हे, तर तिच्यासाठी ते बिशपमहोदयांकडे गेले आणि तिला रोमला घेऊन गेले. घरी लेओनी आणि सेलीन ह्या दोघी उरल्या. सेलीनला लग्नाची मागणी आली होती. पॅरिसला पाठवून तिला चित्रकला शिकवावी असे वडिलांच्या मनात होते. ते त्यांनी बोलून दाखविले तेव्हा, आपल्यालाही व्रतस्थ व्हायचे आहे, हे तिने त्यांना सांगून टाकले. लुई ह्यांनी आनंदाने होकार दिला. तो दिवस जून १८८८ मधला होता. त्यानंतर आठवडाभरातच सारे पालटले.

आजाराची पहिली चाहूल त्याआधीच लागली होती. १ मे १८८७ रोजी त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता, पण त्यातून ते सावरले. मेंदूच्या रक्तवाहिन्या कठीण होत जाण्याचा हा विकार आज ओळखीचा आहे. झटक्यामागून झटके येतात आणि त्यांबरोबर स्मृती व विवेक कमी कमी होत जातात. मधूनमधून माणूस पूर्ववत वागू लागतो, घरच्यांना आशा वाटते आणि पुन्हा सारे ढासळते. २३ जून १८८८ रोजी लुई कोणालाही न सांगता घरातून निघून गेले. चार दिवस घरात आकांत होता. अखेरीस ल आव्र बंदरातून त्यांची तार आली, तेव्हा सेलीन आणि मामा तेथे धावले आणि त्यांना घेऊन आले. कोठेतरी एकांतात जाऊन संन्याशासारखे राहावे, असे त्यांच्या मनाने घेतले होते.

१० जानेवारी १८८९ रोजी तेरेजाच्या वस्त्रग्रहणाच्या विधीला ते उपस्थित राहिले. त्यांनी लेकीला हात धरून वेदीपर्यंत नेले, आणि तिच्या इच्छेप्रमाणे त्या दिवशी बर्फही पडले. महिनाभरातच त्यांना भास होऊ लागले. आपल्या घरावर हल्ला होत आहे, दंगल माजली आहे, मुलींचे रक्षण केले पाहिजे, असे वाटून त्यांनी हाती पिस्तूल घेतले. मामांनी ते कसेबसे काढून घेतले. त्याच दिवशी, म्हणजे १२ फेब्रुवारी १८८९ रोजी, त्यांना काँ शहरातील बाँ सोव्हर ह्या धर्मभगिनींच्या रुग्णालयात दाखल करण्यात आले. तेव्हा त्यांचे वय पासष्ट वर्षांचे होते.

येथे थोडे थांबू. प्रेमाची कसोटी घरच्या सेवेतच लागते, अशी आपली समजूत असते. पण त्या घराचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. पंचविशीची लेओनी, अजून विशीही न गाठलेली सेलीन आणि घरकामाची माणसे. आणि समोर अंगाने धडधाकट, दार उघडून केव्हाही निघून जाणारा, पिस्तूल हाती घेतलेला पिता. मामांनी घेतलेला निर्णय कठोर होता, परंतु तो प्रेमाच्या अभावी घेतला गेला नाही, असे आम्हाला ठामपणे वाटते.

लोकांना मात्र तसे वाटले नाही. मुंबई परिसरात नुसते 'ठाणे' म्हटले की समोरच्याला जे कळते, तेच त्या भागात बाँ सोव्हर म्हटल्यावर कळत असे. मुली एकामागून एक मठात गेल्या, विशेषतः लाडकी तेरेजा गेली, म्हणून बापाचे डोके फिरले, असे लिझ्यूत उघड बोलले जाई. ते बोल मठाच्या भिंतींआड तेरेजाच्या कानांपर्यंत पोहोचत. सोळा वर्षांच्या मुलीला त्याने काय वाटले असेल, ह्याची कल्पना करवत नाही.

लेओनी आणि सेलीन ह्या १९ फेब्रुवारीला काँ येथे राहावयास गेल्या. संत व्हिन्सेंट डी पॉलच्या भगिनींच्या अनाथाश्रमात त्यांनी खोली घेतली. वडिलांना भेटण्याची परवानगी आठवड्यातून एकदाच होती, तरी त्या रोज रुग्णालयाच्या दारी जाऊन चौकशी करीत. अशा रीतीने जवळजवळ तीन महिने गेले. मे महिन्यात त्या लिझ्यूला मामांकडे परतल्या आणि तेथून दर आठवड्याला रेल्वेने वडिलांच्या भेटीस जाऊ लागल्या.

रुग्णालयात लुई ह्यांना मधूनमधून पूर्ण शुद्ध येत असे, आणि आपण कोठे आहोत ते त्यांना कळत असे. ही गोष्ट आजारापेक्षाही कठीण होती. अशाच एका वेळी त्यांनी डॉक्टरांना सांगितले, की आजवर आपण हुकूम करीत आलो, आता आज्ञा पाळावी लागत आहे, आणि देवाने ही परीक्षा का पाठविली ते आपण जाणतो. घरून खाऊ आला तर ते तो इतर रुग्णांना वाटून टाकीत. प्रकृती बरी असेल त्या दिवशी रुग्णालयाच्या प्रार्थनामंदिरात ते पवित्र ख्रिस्तप्रसाद स्वीकारीत.

तरीही ह्या कथेला सोनेरी मुलामा देऊ नये. जून १८८९ मध्ये त्यांच्या मालमत्तेचा कारभार दुसऱ्याकडे सोपविण्याच्या कागदांवर त्यांची सही घेण्यात आली. त्यांना कागदांचा अर्थ नीट कळला. मुलांचा आपल्यावर विश्वास उरला नाही, त्यांनी आपल्याला टाकले, असे वाटून ते ढसढसा रडले. श्रद्धावंत घरातही असा दिवस येतो, आणि ती सही घेणाऱ्यांच्या मनातून तो सहजासहजी जात नसावा. पुढच्या वर्षी २४ सप्टेंबरला तेरेजाच्या शिरी काळा पडदा चढणार होता. त्या विधीसाठी वडिलांना गुपचूप घेऊन येण्याचा बेत सेलीनने आखला. प्रवास आणि गर्दी त्यांना झेपणार नाही म्हणून मामांनी आदल्या दिवशी तो मोडला. त्या सोहळ्याच्या दिवशी तेरेजा रडली. आमच्या मते मामांचे म्हणणे बरोबर होते, आणि तिचे अश्रूही.

तेरेजाला ह्या काळात बालपणीचा एक प्रसंग आठवला. सहा-सात वर्षांची असताना वडील परगावी गेले असता तिला बागेत त्यांच्यासारखी एक आकृती दिसली होती. चाल तीच, पोशाख तोच, पण पाठ वाकलेली आणि चेहरा वस्त्राने झाकलेला. तेव्हा तिला काही उमगले नव्हते. आता त्या झाकलेल्या चेहऱ्यात तिला दुःखसहनाच्या वेळचे प्रभू येशूचे पवित्र मुखमंडल दिसू लागले. वस्त्रग्रहणाच्या वेळी तिने आपल्या मठातील नावाला पवित्र मुखमंडलाचे नाव जोडून घेतले. वडिलांच्या ह्या तीन वर्षांना तिने पुढे आपल्या आत्मचरित्रात कुटुंबाच्या आयुष्यातील सर्वांत मोलाचा काळ मानले आहे. मात्र हे तिने कित्येक वर्षांनंतर लिहिले, हे लक्षात ठेवलेले बरे.

१० मे १८९२ रोजी मामांनी त्यांना लिझ्यूला परत आणले. त्यांचे पाय आता पूर्ण लुळे पडले होते, त्यामुळे निघून जाण्याचे भय उरले नव्हते. ज्या कारणासाठी त्यांना दूर ठेवावे लागले, ते कारण सरल्यावर घराचे दार उघडले गेले. दोन दिवसांनी त्यांना कार्मेल मठात नेण्यात आले. जाळीपलीकडे तिन्ही मुली होत्या. त्यांना बोलता येत नव्हते असेच म्हणावे लागेल. निघताना त्यांनी बोट वर करून, आता स्वर्गातच भेट होईल, एवढे कसेबसे सुचविले. तेरेजाला पित्याचे दर्शन पुन्हा झाले नाही.

पुढची दोन वर्षे सेलीनने त्यांना न्हाऊमाखू घातले, घास भरविला, चाकांच्या खुर्चीत बसवून बागेत फिरविले. १८९३ मध्ये लेओनी काँ येथील मठात गेली. उन्हाळ्यात मामा त्यांना एव्ह्र्यूजवळील ला म्यूस येथील आपल्या वाड्यावर घेऊन जात. तेथेच रविवारी, २९ जुलै १८९४ रोजी सकाळी त्यांचे देहावसान झाले. सेलीन उशाशी प्रार्थना म्हणत होती. शेवटच्या क्षणी वडिलांनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिले आणि त्या नजरेत ओळख होती, असे तिने बहिणींना कळविले. दीड महिन्याने, १४ सप्टेंबरला, सहा वर्षे लांबणीवर टाकलेला मठप्रवेश तिने केला.